ट्रॉलीचे चाक बदलताना

निवृत्तीनगरच्या विघ्नहर आणि पारगावच्या भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांकडे गळिताच्या हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ज्या ट्रॉल्या रात्रंदिन जातात, त्यांच्या सुरक्षिततेचा सारा भार चाकांच्या मूठभर नटांवर असतो, हे जुन्नर-आंबेगावच्या ट्रॅक्टरचालकाने विसरता कामा नये. नवे चाक घेताना केवळ टायरचे माप जुळणे पुरेसे नाही. स्टडच्या छिद्रांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचा हबशी मेळ आणि चाकाची भारवहनक्षमता या चारही बाबी मूळ चाकाबरहुकूम असाव्या लागतात.

रिकामी ट्रॉली सपाट, कठीण जमिनीवर उभी करून, उरलेल्या चाकांना उटी लावून, नट आधी किंचित सैल करावेत व मगच जॅक चढवावा. हब आणि चाक जेथे परस्परांना भिडतात तेथील गंज, माती व रंगाचे पोपडे तारेच्या ब्रशाने निःशेष काढावेत. कारण या थरावर घट्ट भासणारा नट, थर चुरडला जाताच, ढिला पडतो. नटांची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून ते समोरासमोरच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. अखेरची आवळणी चाक जमिनीवर टेकल्यानंतर, निर्मात्याने ठरविलेल्या मापाने करावी. पान्याला लांब नळी चढवून तीवर उभे राहण्याचा रिवाज मला घातक वाटतो, कारण त्याने स्टड ताणला जाऊन पुढे तुटू शकतो.

भरल्या ट्रॉलीची पहिली खेप पोचताच नट पुन्हा तपासावेत, मग तो माल कारखान्याचा ऊस असो वा नारायणगावच्या बाजारातले टोमॅटो. आणि ८०-१०० किलोमीटर धाव झाल्यावर हीच तपासणी पुन्हा एकदा अवश्य करावी.