दोरा, वारा आणि घड्याळ
लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण अक्षांश-रेखांश पाहिले. आज ते कामाला लावू आणि मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, किती तासांवर, हे काढू.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ही दोन शहरं जोडली, तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. तिच्यावरून प्रवास केला तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतात. आता घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून पाहा. तो मुंबईतून थेट उत्तरेकडेच झुकतो. पाकिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोचा परिसर, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक असा फिरून तो न्यूयॉर्कला उतरतो. डोळ्यांना हा वळसा वाटतो, पण गोलावर सर्वांत जवळची वाट हीच. तिला बृहद्वृत्त म्हणतात.

तिची लांबी काढायला शाळेतली त्रिकोणमिती पुरते. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करा. त्यांच्या कोसाइनांचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे हव्या असलेल्या कोनाची कोसाइन. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. कोन येतो ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. नकाशावरच्या रेघेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर कमी!

इथपर्यंत सगळं भूमितीच्या हातात असतं. वेळ मात्र तिच्या हातात नाही. ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर चौदा तास येतात, पण तो वेग विमानाचा हवेतला. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग कधी ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. वाटेत सरासरी ५० चा वारा समोरून धरला, तर जाताना पावणेपंधरा तास लागतील आणि येताना सव्वातेरा. टेकऑफ-लँडिंग आणि धावपट्टीपर्यंतचं सरकणं यांचा वेळ वेगळाच.

वाऱ्याचं मोल किती, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गाचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,००० किलोमीटरच्या पुढे गेलं, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ कमी झाला. लांबची वाट लवकर पोचवते, हे नुसत्या भागाकाराने कधीच कळलं नसतं.

शिवाय दोऱ्याखालची सगळी आकाशं खुली असतीलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला निघणाऱ्या त्यांच्या विमानांना अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला.

उरलं घड्याळ. समजा, विमान मुंबईहून रात्री २ वाजता निघालं आणि सोळा तासांनी पोचलं. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजलेले असतील. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, म्हणून तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा साडेआठ. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली, तर प्रवास जेमतेम साडेपाच-साडेसहा तासांचा दिसतो. मुलाला किंवा मुलीला भेटायला पहिल्यांदाच निघालेल्या आईवडिलांनी औषधांच्या वेळा ठरवताना खरे सोळा तास धरावेत.