मळीची लेक : रम

रम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे येतात. एक, इंग्रजी सिनेमातले समुद्रावरचे चाचे. आणि दुसरे, रजेवर आलेल्या फौजी माणसाच्या ट्रंकेतली बाटली. पण या दोन्ही चित्रांत रम मुळात आली कोठून, हे दिसत नाही. ती आली उसाच्या फडातून. नेमके सांगायचे तर साखर कारखान्याच्या मळीतून. प्रवरेच्या उगमाजवळ वाढलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला हा विषय घ्यावासा वाटला, तो याचमुळे. हा लेख मद्याची भलामण करण्यासाठी नाही, एवढे प्राध्यापकांनी व मित्रांनी आधीच लक्षात घ्यावे.

एक टन ऊस गाळला की साधारणपणे १०० किलो साखर निघते आणि सुमारे ४० किलो मळी उरते. हा काळपट, चिकट द्रव. त्यातली साखर दाणेदार होत नाही, पण ती आंबते. मळीत पाणी व यीस्ट घातले की साखरेचा मद्यार्क होतो. तो उकळून त्याची वाफ थंड केली की दारू गळते. उसापासून मद्य करणे आपल्या देशालाही नवे नाही. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतली ‘गौडी’ ही गुळाची. ‘रम’ हे नाव आणि तिचा मोठा व्यापार मात्र कॅरिबियन बेटांवरचा.

कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तिकडे ऊस नेला. १६४० नंतर बार्बाडोस बेटावर इंग्रज मळेवाल्यांनी उसाची प्रचंड लागवड केली. साखर युरोपात जाई. मळीचे करायचे काय, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणजे रम. ऊस तोडायला आणि चरकात घालायला आफ्रिकेतून माणसे पकडून आणली. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्या आफ्रिकी माणसांची संख्या सुमारे सव्वा कोटी मानली जाते. दुष्टचक्र असे की, उत्तर अमेरिकेत याच मळीची रम करून ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेत आणि तिच्या मोबदल्यात आणखी गुलाम विकत घेत. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपल्यावर १८३८ पासून करारबद्ध भारतीय मजूर गयानाच्या मळ्यांत गेले. तिकडे हिंदी महासागरातल्या मॉरिशसमध्ये तर आपल्या कोकणातली मराठी माणसेच उसाच्या कामाला गेली. ब्रिटिश आरमारात खलाशांना रोज रमचा शिधा मिळे. ही प्रथा ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली.

आता प्रकारांविषयी. मूळ द्रव्य एकच असले तरी आंबवण्याच्या आणि गाळण्याच्या रीतीने रम बदलते. जमैकात मळी पुष्कळ दिवस आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यात गाळतात. त्यामुळे तिथली रम जड आणि उग्र वासाची होते. क्यूबात फाकुंदो बाकार्दी याने १८६२ साली कारखाना काढला आणि कोळशातून गाळलेली हलकी, स्वच्छ रम प्रसिद्धीस आणली. गयानातली डेमेरारा रम गडद असते. तेथे आजही लाकडी भट्ट्या चालतात. मार्टिनिक या फ्रेंच बेटावर मळी न वापरता ताज्या उसाच्या रसापासूनच रम करतात. भट्टीतून निघते तेव्हा कोणतीही रम पाण्यासारखी बिनरंगी असते. रंग येतो तो ओकच्या लाकडी पिंपात मुरल्याने किंवा जाळलेल्या साखरेने. आपल्याकडची ओल्ड मंक ही १९५४ पासूनची गडद रम.

हा सगळा इतिहास आपल्या जिल्ह्यापासून दूर वाटेल, पण तसे नाही. रतनगडाजवळ उगम पावणारी प्रवरा इंग्रज सरकारने भंडारदऱ्याला अडवली. १९१० मध्ये सुरू झालेले सुमारे २७० फूट उंचीचे विल्सन धरण १९२६ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यापासून दोन कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे जाते. दुष्काळी जिल्ह्याला आधार व्हावा म्हणून बांधलेल्या धरणावर ऊस उभा राहिला, आणि उसामागोमाग कारखाने आले. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना झाला. श्रीरामपूरजवळ टिळकनगरला डहाणूकरांनी १९३३ मध्ये कंपनी काढली. आज ती कंपनी साखरेपेक्षा ब्रँडी व रमसाठी ओळखली जाते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याने गाळप सुरू केले.

बार्बाडोस आणि प्रवराकाठ यांत मोठा फरक आहे तो येथे. तिकडे कारखाना मळेवाल्याचा होता. इकडे ऊस पिकवणाराच कारखान्याचा सभासद झाला. आपला ऊसतोड कामगार गुलाम नाही, हेही खरे. पण उचल घेऊन, लेकरेबाळे गाडीत घालून जो कोयता घेऊन निघतो, त्याच्या वाट्याला या साखरेतली गोडी किती येते, हा प्रश्न उरतोच.

आणि मळीचा प्रश्नही उरतो. महाराष्ट्रातली देशी दारू हीही या मळीचीच लेक, रमची गरीब बहीण. आमच्या डोंगरावर पाऊस कोसळतो. ते पाणी कालव्याने खाली जाते, उसात चढते, मळीत उतरते आणि बाटलीतून पुन्हा वर आमच्या वाडीत येते. भातलावणीची मजुरी मात्र त्या बाटलीवाटे खाली वाहून जाते. घरात उरते ते आईचे भांडण.

मळीचे दुसरे काय करणार, असे पूर्वी कोणी म्हटले असते तर ते पटले असते. आता तसे नाही. हाच मद्यार्क आज इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये जातो. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. म्हणजे मळीला वाट आहे. ती वाट माणसाच्या घशातूनच गेली पाहिजे असे नाही, एवढे रमच्या तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या इतिहासावरून आपण शिकलो तरी पुष्कळ झाले.