अकराव्या गुणसूत्राची फेरतपासणी

उन्माद आणि अवसाद या दोन टोकांमध्ये मनुष्याला हेलकावे देणारा द्विध्रुवी विकार काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, हे वैद्यांइतकेच त्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांनाही पूर्वापार ठाऊक होते. परंतु हा वारसा कोणत्या जनुकाच्या द्वारे उतरतो याचा छडा लावण्यासाठी जॅनिस एगलँड या विदुषीने १९७६ पासून पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यात, जुन्या वळणाच्या आमिश पंथीयांत जे संशोधन आरंभिले, त्याची हकीकत विलक्षण उद्बोधक आहे.

मोजक्या पूर्वजांपासून विस्तारलेला, वंशावळी काटेकोरपणे जपणारा हा समाज या आजाराविषयी ‘हे रक्तातच आहे’ असे आपल्या जर्मन बोलीत म्हणे. आणि १८८० ते १९८० या काळातील त्यांच्या २६ आत्महत्यांपैकी बहुसंख्य केवळ चार कुळांत घडल्या होत्या. उन्मादाची लक्षणेही त्या समाजाच्याच मापाने ओळखावी लागत: घोडागाडी बेफाम हाकणे, सार्वजनिक दूरध्वनीला चिकटून राहणे, अवेळी भेटवस्तू देत सुटणे, असले वर्तन, जे शहरात कोणाच्या खिजगणतीतही आले नसते, तेथे आजाराचा सबळ पुरावा ठरे.

१९८७ साली ‘नेचर’ मध्ये ८१ व्यक्तींच्या एका कुळाच्या अभ्यासावरून असे जाहीर झाले की, दोषी जनुक अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असावे. पुढे मात्र निरोगी म्हणून नोंदलेल्या दोघांना आजार जडला, कुळाच्या आणखी शाखा तपासल्या गेल्या, आणि १९८९ साली, स्वतः एगलँड यांचाही सहभाग असलेल्या फेरतपासणीत, तो निष्कर्ष कोसळला. जगभर गाजलेला आपलाच दावा त्याच नियतकालिकात इतक्या उघडपणे मागे घेणे, यास मी त्या शोधाइतकेच मोलाचे शास्त्रकार्य मानतो.

पुढील संशोधनाने कुळाची चौकट सोडून लोकसमूहांचा आश्रय घेतला. २०२१ साली ४१,९१७ रुग्णांच्या जनुकसंचाची इतरांच्या जनुकसंचाशी तुलना करून ६४ स्थाने निश्चित झाली, ज्यांतील प्रत्येकाचा वाटा अत्यल्प आहे. म्हणून सोयरीक ठरविताना एखाद्या घराण्यावर सरसकट ठपका ठेवणाऱ्यांना या शास्त्रात कोणताही आधार सापडणार नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

अपवादाने एखादे जनुक मोठा प्रभाव दाखविते. २०२२ साली, द्विध्रुवी विकार व छिन्नमनस्कता यांच्या रुग्णांचा एकत्र विचार करता, एकेएपी-११ या जनुकातील दुर्मीळ बिघाड जोखीम बऱ्याच प्रमाणात वाढवितात असे दिसून आले. आणि या जनुकापासून बनणारे प्रथिन ज्या विकराशी संलग्न होते, त्याच विकरावर लिथियमची, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर गुणकारी ठरविलेल्या त्या क्षाराची, क्रिया होत असावी असे पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत आहे.