हॉलंड : बांधावर उभा असलेला देश

युरोपच्या वायव्येस उत्तर समुद्राच्या कांठीं जो लहानसा देश आहे, त्यास मराठींत हॉलंड म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हॉलंड हें नांव त्याच्या बारा प्रांतांपैकीं दोन प्रांतांचें. देशाचें नांव नेदरलंड्स, म्हणजे सखल भूमि. हें नांव अगदीं सार्थ आहे. देशाचा सुमारें एक चतुर्थांश भाग समुद्राच्या पातळीहून खालीं आहे, व सर्वांत खोल जागा तर जवळजवळ पावणेसात मीटर खालीं आहे. ऱ्हाइन, मास व स्केल्ट या नद्यांच्या मुखाशीं सांचलेल्या गाळावर आज सुमारें १ कोटि ८० लक्ष लोक राहतात. त्यांची भाषा डच. उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतांत फ्रीशियन भाषाहि बोलतात.

पाण्याखालची जमीन मिळविण्याची डच लोकांची रीत साधी आहे. प्रथम सरोवराभोंवतीं बांध घालावयाचा, बांधाबाहेर कालवा खणावयाचा, आणि आंतील पाणी उपसून त्या कालव्यांत सोडावयाचें. तेथून तें नदीस व समुद्रास मिळतें. अशा जमिनीस पोल्डर म्हणतात. बेम्स्टरचें सरोवर १६१२ सालीं पवनचक्क्यांनीं कोरडें झालें. हार्लेमचें विस्तीर्ण सरोवर १८५२ सालीं वाफेच्या पंपांनीं. आजचा स्खिपोल विमानतळ याच सरोवराच्या तळावर आहे. १९३२ सालीं ३२ किलोमीटर लांबीच्या बांधानें एक आखात समुद्रापासून तोडण्यांत आलें, आणि त्याच्या तळांतून मिळालेल्या जमिनीचा बराच भाग मिळून १९८६ सालीं फ्लेव्होलंड हा बारावा प्रांत बनला.

परंतु हा विजय कायमचा नव्हे. पाऊस पडतच असतो, जमिनींतून पाणी झिरपतच असतें. म्हणून उपसाहि कधीं संपत नाहीं. शिवाय पश्चिमेकडील पुष्कळ माती कुजलेल्या वनस्पतींची आहे. पाणी काढतांच तींत हवा शिरते, ती कुजून आटते व जमीन खचते. जमीन खचली कीं पाणी आणखी खोलवरून उपसावें लागतें. ज्या उपायानें भूमि मिळाली, तोच उपाय तिला खालीं नेतो.

या परिस्थितीनें डच राज्यकारभारास वळण लावलें. एकानें आपल्या वांट्याचा बांध दुर्लक्षिला तर शेजाऱ्याचेंहि घर बुडावयाचें. म्हणून तेराव्या शतकापासूनच तेथें जलमंडळें आहेत. आजहि अशीं २१ मंडळें स्वतःचा कर घेतात व त्यांच्या निवडणुका होतात. राष्ट्राचे प्रमुख राजे विलेम-अलेक्झांडर २०१३ सालीं गादीवर आले. परंतु १८४८ च्या घटनेपासून कारभाराची जबाबदारी मंत्र्यांवर आहे. लोकांनीं निवडलेल्या सभागृहांत १५० सभासद असतात. मतांच्या प्रमाणांत जागा मिळत असल्यामुळें कोणत्याहि एका पक्षास बहुमत मिळत नाहीं व तडजोडीनेंच मंत्रिमंडळ बनतें. राजधानी ॲम्स्टरडॅम, मात्र संसद व मंत्रिकचेऱ्या हेग येथें आहेत.

संपत्तीचा उगम व्यापारांत आहे. १६०२ सालीं स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची एक वखार कोंकणांत वेंगुर्ल्यासहि होती. त्या वैभवांत जावा व मोलुक्का बेटांतील लोकांच्या सक्तीच्या श्रमांचा मोठा वांटा होता. इंडोनेशियाचें स्वातंत्र्य हॉलंडनें १९४९ सालीं मान्य केलें. आज ऱ्हाइनच्या मुखाशीं असलेलें रॉटरडॅम हें युरोपांतील सर्वांत मोठें बंदर आहे, आणि फुलें, दूधदुभतें व कांचगृहांतील भाजीपाला देशोदेशीं जातो. १९५९ सालीं ग्रोनिंगनजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड सांठा सांपडला. परंतु वायु काढल्यानें भूकंप होऊन घरांना तडे गेले, व २०२४ सालीं तें क्षेत्र कायमचें बंद करण्यांत आलें.

१९५३ च्या फेब्रुवारींत वादळानें बांध फुटून १,८३६ माणसें दगावलीं. त्यानंतर डेल्टा योजना आंखण्यांत आली. तींत पूर्व स्केल्टचें मुख अजीबात बुजविण्याचा बेत होता. पण मासेमारी व जलचर नष्ट होतील म्हणून लोकांनीं विरोध केला, आणि १९८६ सालीं तेथें वादळांतच मिटणारे दरवाजे उभे राहिले. अलीकडे तर बांध मागें सरकवून नद्यांस पसरण्यास जागा देण्यांत आली आहे. समुद्र चढत आहे व जमीन खचत आहे. कोणती जमीन राखावी आणि कोणती पाण्यास परत द्यावी, हा प्रश्न डच लोकांच्या पुढील पिढ्यांस सोडवावयाचा आहे.