ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या रबरी नळ्या : काढणें व बसविणें

ट्रॅक्टर विकत घेतांना आपण त्याचें अश्वबल, नांगराची ओढ व डिझेलचा खर्च यांची कसून चौकशी करतों; परंतु इंजिन व रेडिएटर यांस जोडणाऱ्या दोन रबरी नळ्यांकडे क्वचितच कोणाची नजर जाते. ऐन वैशाखांत काळ्या जमिनीची खोल नांगरट चालू असतां त्यांतील एखादी नळी फुटली म्हणजे मात्र तिचें महत्त्व तत्काळ कळून येतें. पाणी कांहीं मिनिटांत वाहून जातें. चालकाचें कांट्याकडे लक्ष नसल्यास इंजिनाचें हेड वांकतें, गॅस्केट जळतें, किंवा पिस्टन सिलिंडरांत धरून बसतो. नळी बदलण्याचें काम मालकास स्वतः करतां येण्यासारखें आहे. तथापि तें आडदांडपणें केल्यास नळीपेक्षां पुष्कळच महाग अशी वस्तु बिघडते, म्हणून त्याची रीत येथें सविस्तर देत आहों. मोटार व जीप यांसहि ती लागू पडते. ज्या ट्रॅक्टरांचें इंजिन हवेनें थंड होतें (आयशरचे कित्येक ट्रॅक्टर असे आहेत) त्यांच्या मालकांनीं हें पान खुशाल उलटावें.

प्रथम पाणी कसें फिरतें तें ध्यानांत घ्यावें. १९१७ सालीं निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरांत पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे व निवालेलें खालीं उतरे, एवढ्यावरच काम भागे. पुढें पंप आला, तरी मार्ग तोच राहिला. इंजिनाच्या माथ्यांतून थर्मोस्टॅटमार्गें तापलेलें पाणी वरच्या नळीनें रेडिएटरमध्यें जातें, आणि तळाशीं थंड झालेलें पाणी खालच्या नळीनें पंप ओढून घेतो. म्हणून वरच्या नळीस उष्णता अधिक, तर खालचीस पंपाची ओढ. या ओढीनें नरम पडलेली खालची नळी चपटी होऊन पाण्याची वाट बुजते. तसें होऊं नये म्हणून कित्येक खालच्या नळ्यांत तारेची स्प्रिंग असते. नवी नळी बसवितांना ती "उगाच अडचण" म्हणून काढून टाकणारे कारागीर आहेत. त्यांस तसें करूं देऊं नये.

रेडिएटरचें झांकण हें नुसतें झांकण नव्हे, तर दाब राखणारी झडप आहे. पुण्याच्या उंचीवर उघडें पाणी ९८ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास उकळतें. तेंच चौरस सेंटिमीटरास अर्धा किलो जादा दाबाखालीं सुमारें ११० अंशांपर्यंत उकळत नाहीं. हा लाभ मोठा आहे, पण धोकाहि तेथेंच आहे. इंजिन गरम असतां झांकण फिरविलें कीं दाब सुटतो, आणि तें पाणी एकदम वाफ होऊन कारंज्यासारखें तोंडावर व छातीवर उडतें. याकरितां सर्व काम इंजिन पूर्ण थंड असतां, शक्यतों सकाळीं, करावें. घाई असली तरी हा नियम मोडूं नये.

नळी केव्हां बदलावी हें डोळ्यांपेक्षां बोटांना अधिक कळतें. थंड नळी चिमटीत दाबून पाहावी. चांगलें रबर दबतें व लगेच पूर्ववत् होतें. तें लोण्यासारखें मऊ लागलें, अथवा दाबतांना आंतून करकर असा आवाज आला, तर नळीचे दिवस भरले. टोकांजवळ विशेष दाबावें. रबरांत काजळी मिसळलेली असल्यामुळें त्यांतून थोडी वीज वाहूं शकते. धातूचें तोंड, पाणी व रबर मिळून विजेच्या घटासारखी क्रिया चालते, आणि नळी आंतल्या बाजूनें टोकाशीं बारीक चिरत जाते. बाहेरून ती तुळतुळीत दिसते व एके दिवशीं अकस्मात् फुटते. फुगवटा, तेलाचा चिकटपणा, क्लिपेपाशीं सांठलेला पांढरा किंवा हिरवट क्षार हीं बाहेरचीं लक्षणें सर्वांस ठाऊक आहेत.

काढण्याच्या वेळीं तळाची तोटी उघडून पाणी स्वच्छ घमेल्यांत घ्यावें. येथें एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. आजकाल पाण्यांत जें रंगीत कूलंट मिसळतात त्यांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीस गोड व पोटांत गेल्यास विषारी असून मूत्रपिंडें निकामी करतें. असें घमेलें गोठ्याशेजारीं उघडें राहिलें आणि वासरानें किंवा राखणीच्या कुत्र्यानें तोंड घातलें, तर जनावर वांचणें कठीण. मुलांचेंहि तसेंच. म्हणून तें ताबडतोब डब्यांत भरून, झांकण घट्ट लावून उंचावर ठेवावें. विहिरीच्या बाजूस अगर पाटांत कधींहि ओतूं नये.

क्लिपा ढिल्या करून नळीच्या मध्याकडे सरकवाव्या. मग नळी हातानें डावी-उजवी पिळावी. सुटली तर उत्तम. वर्षानुवर्षे बसलेली नळी बहुधा सुटत नाहीं, आणि येथेंच नुकसान होतें. पेचकस खुपसून उचकटण्याचा मोह होतो; परंतु रेडिएटरचें तोंड जुन्या बनावटींत पातळ पितळेचें व डाग दिलेलें, तर नव्यांत कित्येकदां प्लॅस्टिकचें असतें. पहिलें वांकतें किंवा त्याचा डाग सुटतो, दुसरें तडकतें. जुनी नळी टाकावयाचीच आहे; तिच्यावर दया कसली? धारदार सुरीनें तोंडावरील भाग लांबीच्या दिशेनें चिरावा व साल काढावी तसा सोलून घ्यावा. सुरीचें पातें मात्र धातूपर्यंत जाऊं देऊं नये, कारण तोंडावर उभा ओरखडा पडला तर त्या रेघेंतून पाणी कायम झिरपत राहतें.

तोंडावर उरलेलें रबर व क्षार बारीक पॉलिश कागदानें गोल गोल घासून काढावे. नवी नळी जुनीशीं लावून पाहावी. लांबी, व्यास आणि वळण तिन्ही जुळलीं पाहिजेत. सरळ नळी बळें वांकवून बसविली तर वळणावर दुमडते, आणि लांब नळी पंख्याच्या पात्यास घांसते. क्लिपा आधीं नळींत ओवून घ्याव्या. हें विसरल्यास बसविलेली नळी पुन्हां काढावी लागते. नळी सहज चढावी म्हणून आंतून पाण्यानें किंवा थोड्या साबणाच्या पाण्यानें ओली करावी. तेल अगर ग्रीस लावूं नये. या नळ्यांचें रबर खनिज तेलानें फुगतें व सैल पडतें.

तोंडाच्या कडेजवळ एक गोल उंचवटा असतो. नळी त्याच्या पलीकडे पुरेशी गेली पाहिजे, आणि क्लिप उंचवट्यावर न बसवितां त्याच्या व नळीच्या टोकाच्या मधोमध बसवावी. पेंचाच्या क्लिपेचें पेटंट लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश आरमारांतील माजी अधिकाऱ्यानें १९२१ सालीं घेतलें; तिच्याहून स्वस्त व सोपें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि तरीहि खेड्यांतून तारेच्या वेढ्यांनीं बांधलेल्या नळ्या दिसतात. तार एके ठिकाणीं रुतते व दुसरीकडे सैल राहते. क्लिप हातानें पेचकस फिरवून आवळावी. पट्टीच्या खांचांतून रबर वर येऊं लागलें म्हणजे ती प्रमाणाबाहेर आवळली असें समजावें.

भरतांना विहिरीचें जड पाणी टाळावें, कारण त्यांतील चुना रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शुद्ध केलेलें पाणी व कूलंट डब्यावर सांगितलेल्या प्रमाणांत मिसळून सावकाश ओतावें. झांकण उघडें ठेवूनच इंजिन मंद चालवावें. ८० अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो, वरची नळी एकाएकीं गरम लागते, आंत कोंडलेली हवा बुडबुड्यांनीं निघते आणि पातळी खालीं जाते. तेवढें भरून मग झांकण लावावें. ही हवा राहिली तर रेडिएटर भरलेला दिसूनहि इंजिन तापतें. एक-दोन दिवसांच्या कामानंतर नवें रबर थोडें दबतें; तेव्हां थंड इंजिनावर क्लिपा एकदां पुन्हां तपासाव्या.

शेतांतच नळी फुटली तर इंजिन त्वरित बंद करावें, आणि तें निवेपर्यंत थंड पाणी ओतूं नये. तापलेलें ओतीव लोखंड त्यानें तडकतें. चीर टोकाशीं असल्यास तेवढा तुकडा कापून, लांबी पुरत असेल तर, नळी पुन्हां चढवावी. मध्यें असल्यास पुसून कोरडी करावी व चिकटपट्टी ताणून अनेक वेढे द्यावे. नंतर साधें पाणी भरून झांकण पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें, म्हणजे दाब सांठणार नाहीं. नांगर उचलून, वेग कमी ठेवून, कांट्याकडे पाहात ट्रॅक्टर घरीं आणावा.