गोळी पोटात जाऊन करते तरी काय?

लोअर परळच्या जुन्या चाळींत बायकांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर पडतं. "ताई, ती लघवीची गोळी मी बंदच केलीय. रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकाला कोण जाणार?" अडचण अगदी खरी आहे. संडास सार्वजनिक, पॅसेज अंधारा आणि गुडघे दुखरे! पण ज्यांचं हृदय अशक्त झालंय, त्यांनी ही गोळी सोडली की पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो आणि मग इस्पितळ गाठावं लागतं.

मैत्रिणींनो, गोळी नेमकं काय करते हे कळलं, तर ती सोडावीशी वाटणार नाही. चाळीचा पाण्याचा पंप आठवा. पाइपातला दाब कमी करायचा तर काय कराल? पंपाचा जोर कमी कराल, पाइप रुंद कराल, नाहीतर पाणीच कमी कराल. बीपीच्या बहुतेक गोळ्या यातलंच काहीतरी करतात.

अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या पंपाचा, म्हणजे हृदयाचा जोर कमी करतात. ठोके मंदावतात, हृदयाला उसंत मिळते. मात्र त्या एकदम बंद केल्या तर ठोके आणि बीपी उसळून छातीत दुखू शकतं.

अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते. तिने काहींच्या घोट्यांना सूज येते. रक्तवाहिन्या आवळणारं एक रसायन आपल्या शरीरात तयार होत असतं. रॅमिप्रिल ते तयार होण्यातच अडथळा आणते, तर टेल्मिसार्टन त्याचं काम होऊ देत नाही. रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागला तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. या दोन्ही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. दिवस राहिल्याची शंका आली तरी लगेच डॉक्टरांकडे जा.

आता लघवीची गोळी. ती मूत्रपिंडाला जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावते. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा ते आठ तास असतो. म्हणजे सकाळी घेतली की संध्याकाळपर्यंत तो ओसरतो. रात्रीच्या फेऱ्यांची भीती वाटत असेल तर गोळी सोडू नका, "सकाळी घेतली तर चालेल का?" एवढं डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजायचं कशाला? या गोळीने अंगातलं पोटॅशियमही कमी होऊ शकतं. पायात गोळे आले, फार थकवा वाटला तर रक्त तपासून घ्या.

बीपीच्या औषधांशी आपल्या परळचं जुनं नातं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळांचं औषध रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण या औषधाने काहींना सुस्ती येते, मन उदास होतं, म्हणून आज ते फारसं वापरत नाहीत. तेव्हा 'झाडपाल्याचंच तर आहे' म्हणून कुणी सर्पगंधा दिली तर आपल्या मनाने घेऊ नका.

आणखी एक. तपासणीत बीपी नॉर्मल आलं म्हणजे आजार पळाला असं नाही. गोळीने त्याला धरून ठेवलंय! शेजारणीची गोळी आपल्याला आणि आपली तिला कधीच द्यायची नाही. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्यांनीही बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

घरातल्या सगळ्यांच्या डब्याच्या वेळा आपल्याला तोंडपाठ असतात ना? मग आज आपल्या गोळ्यांची नावं आणि वेळाही एका कागदावर लिहा आणि पुढच्या तपासणीला तो कागद सोबत न्या.