एम २४, पिच ३

सकाळी साडेआठ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शटरं वर जातात. बेड पुसायचा, स्लाइडना तेल द्यायचं. आज ईएन-८ च्या शाफ्टना एम २४ चे आटे पाडायचेत, पिच ३ मिलिमीटर.

नऊ. आधी गिअर. मशीन जुनं, लीड स्क्रू इंची, इंचाला चार आटे. म्हणजे त्याच्या एका फेरीत कॅरेज ६.३५ मिलिमीटर सरकते. मला हवेत ३. म्हणून स्पिंडलकडे ६० दात्यांचा, लीड स्क्रूवर १२७ चा, मध्ये आयडलर. १२७ म्हणजे २५.४ ची पाचपट. इंच आणि मिलिमीटरचा हिशेब याच गिअरमुळे अचूक बसतो. एरवी तो मी कापडात गुंडाळून ठेवतो, कुणाला हात लावू देत नाही.

दहा. टूल ग्राइंडरवर ६० अंशांत घासून सेंटर गेजला लावला आणि उजेडासमोर धरला. फट दिसली की पुन्हा घासायचा. पाईपच्या आट्यांचे ५५ अंशांचे टूल वेगळ्या डब्यात असतात.

अकरा. जॉब चकमध्ये, दुसरं टोक सेंटरवर. व्यास उतरवून शेवटी खाच काढली, म्हणजे टूलला बाहेर पडायला जागा मिळते. स्पीड अगदी कमी. पहिला कट नुसता ओरखडा. त्यावर पिच गेज लावून खात्री झाली की मगच पुढे.

"मामा, हाफ नट उघडू काय? कॅरेज हातानं पटकन मागं येईल."

"नाही उघडायचा, बाळा."

इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचा आटा असला की नट उघडून हवा तिथं बंद करता येत नाही. टूल भलतीकडे उतरतो आणि तयार आटा कापला जातो. म्हणून आधी टूल मागे, मग मोटर रिव्हर्स, आणि नट बंद ठेवूनच परत. वेळ जातो, पण दुसरी खात्रीची वाट मला माहीत नाही. खोली १.८४ मिलिमीटर लागते. सुरुवातीचे कट ०.२ चे चालतात. खाली जाऊ तसा टूल जास्त रुंदीवर कापतो, म्हणून शेवटी ०.०५ वर यायचं.

एक वाजता जेवण.

दुपारी कट न वाढवता टूल दोनदा फिरवला, ब्रशनं चिप्स काढल्या. जॉब चकमध्येच ठेवून सेंटर मागे घेतलं आणि रिंग गेज लावला. गो शेवटपर्यंत गेला, नो-गो टोकालाच अडला. पहिला शाफ्ट पास.

चारला पुढचा शाफ्ट पोराच्या हाती दिला. "टूल मागं, मग रिव्हर्स," तो पुटपुटत चालवतो. साडेपाचला त्याचा गो गेज अर्ध्यावर थांबला. सेंटर परत लावायला सांगितलं, अजून ०.०५ घ्यायचेत.